डब्याची वाटणी

जोतीरामाची गोष्ट सांगायची म्हणजे आधी मला स्वतःला दोन शिव्या घालाव्या लागतील. त्या मी मनातल्या मनात घातल्या. तुमी पुढचं ऐका.

कन्हेरीच्या शिवारात आमची वस्ती. रस्त्याच्या ह्या अंगाला माझं घर, त्या अंगाला जोतीराम आणि सोपान ह्या दोघा सख्ख्या भावांची घरं, मधी एकच भिंत. मागं दोघांत मिळून गोठा. जोतीराम थोरला, पंचावन्न वर्षांचा, सोमेश्वरनगरकडं साखर कारखान्यात वायरमन. रोज गाडीवर जाऊन-येऊन. सोपान तीन वर्षांनी धाकटा, शेती आणि गाया बघतो. त्यांचा बाप गेणूआबा माझा जिवाभावाचा दोस्त. जन्म मेंढरांमागं गेला त्याचा. पुढं मेंढरं विकून ऊस लावला, पण गळा काय विकला न्हाय. ढोल वाजाय लागला आणि गेणूआबा धनगरी ओवीला बसला, की माणसं चहा घ्यायला सुदा उठायची न्हाईत.

ही दोघं भाऊ मात्र बोलायची न्हाईत. भांडण? छ्या! सवयच न्हवती. पोरपणी आबा एकाला एका कळपामागं धाडायचा, दुसऱ्याला दुसऱ्या. दिवसभर मेंढरांसंगं राहून माणसाला काय बोलणं येणार? समोरासमोर आली की एक म्हणायचा, "व्हय का." दुसरा म्हणायचा, "व्हय." संपलं.

आबा गेला त्या साली जोतीरामानं पेटीतनं आबाच्या कॅसेटी काढल्या. चाळीसच्या वर भरल्या. निम्म्यांना बुरशी. ह्या गड्यानं सुट्टीच्या दिवशी बसून एकेक पुसली, एकेक वाजवली आणि कॉम्प्युटरात घेतली. वर्ष गेलं त्यात. प्रत्येकीवर लिवलं, ओवी कोणती, कुठल्या गावच्या देवळात झाली, ढोलावर कोण हुतं. आठवत नसलं की माझ्याकडं यायचा. "तात्या, हा खोकला कुणाचा?" मी ऐकून सांगायचो. खोकल्यावरनं माणूस ओळखायची पाळी!

मग त्यानं तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणला, त्याला सगळी गाणी भरलेली डिस्क जोडली आणि घरातल्या इंटरनेटच्या यंत्राशेजारी ठेवला. आमी सगळी त्याला डबाच म्हणायचो. वायरमनच तो, भिंतीला भोक पाडून पायपातनं वायर सोपानच्या घरात नेली, तितनं गोठ्यात. दोन्ही घरांत आणि गोठ्यात स्पीकर बसवलं. घरातल्या कुणीबी मोबाईलवर बोट ठेवायचं, की गाणं तिन्हीकडं लागायचं. मग ज्यानं त्यानं आपलं त्यात भरलं. जोतीरामाची बायको अनिता, तिची हळदीची गाणी. लेक छकुली, तिची कॉलेजातली नाचाची. सोपाननं कुस्तीच्या फडातल्या हलग्या भरल्या.

आणि तवापासनं भाऊ बोलाय लागलं, ते असं. संध्याकाळी धारा काढताना सोपान गोठ्यातनं हलगी लावायचा. ती भिंतीपल्याड वाजली की जोतीरामाला कळायचं, गडी आज खुशीत हाय. मग जोतीराम आबाची एखादी ओवी लावायचा. ती लागली की सोपान हातातली बादली ठेवून गोठ्याच्या दारात यायचा, ओवी सरंस्तोवर उभा. रोज एवढंच. माझी बायको सिंधू म्हणायची, "ही दोघं त्या डब्यातनं बोलत्यात, बघा." मी म्हणायचो, "तुझं आपलं कायतरीच!"

गेल्या फाल्गुनात वाटणी निघाली. कारण बी साधं. सोपानच्या यशराजला इंदापूरकडनं स्थळ आलं. पोरीच्या बापानं पयलाच सवाल टाकला, सातबारा कुणाच्या नावावर? झालं, वाटणी करायची ठरली. पंच कोण? मीच. पंचक्रोशीत मी तीसएक वाटण्या केल्यात. आपलं काम म्हणजे एक घाव दोन तुकडं. सामाईक काय ठेवायचं न्हाय, सामाईक ठेवलं की खटलं उभं राहतं, हे माझं ठाम मत.

सकाळी बसलो, दुपारपर्यंत रान झालं, विहिरीची पाळी झाली, गाया झाल्या, गोठ्यात मधी भिंत घालायची ठरली. एक शब्द वाकडा गेला न्हाय. मी तर मनात म्हणलं, वा रं पठ्ठ्यांनो! मी कागदाची घडी घालाय लागलो तवा सोपान बोलला.

"तात्या, डब्याचं काय?"

सगळी हसली. मी बी हसलो. म्हणलं, "आरं, गाणं म्हणजे काय भाकरी हाय व्हय, मोडली की अर्धी व्हायला? कॉपी मारा! दोघांला बी आख्खं. वाटणीत दोघांला बी आख्खं मिळतंय असं कवा बघितलंय का रं कुणी?"

माणसांनी मान डोलावली. माझ्याच अक्कलंवर मी खूश.

सोपान खाली बघत म्हणला, "कॉपी नगं. वायर राहू द्या की नुसती."

"वायर सामाईक झाली ती," मी म्हणलो. "उद्या उंदरानं कुरतडली तर म्हणशीला, त्याच्या उंदरानं खाल्ली. तुटू द्या ती." आणि जोतीरामाला इचारलं, "काय म्हणतोस रं?"

जोतीराम माझ्याकडं बघत हुता, पण बघत न्हवता. "व्हय," म्हणला.

दुसऱ्या दिवशी मी सहज गेलो तर तो खुर्चीत बसलेला. समोर कॉम्प्युटरवर एक पट्टी सरकत हुती. सकाळी कॉपीला लावलेलं, दुपार झाली तरी निम्मंच झालेलं. अनितानं चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली, तरी ह्याचा हात हलला न्हाय. मी म्हणलं, काय वाईट वाटतंय का? तर म्हणला, "न्हाय. काय बी वाटत न्हाय."

मग तोच बोलला. "तात्या, ह्यात त्याच्या हलग्या हायत, त्या मला राहिल्या. माझ्याकडलं सगळं त्याला गेलं. मग आपण वाटलं काय?"

मी कप त्याच्याकडं सरकवला. "चहा घे," म्हणलं.

कॉपी झाली, डिस्क रुमालात बांधून त्यानं सोपानच्या हातात दिली. मग कातर घेतली आणि स्वतः घातलेली वायर स्वतः तोडली. भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवलं, वरनं थापी मारून सपाट केलं. मी उभा राहून बघत हुतो. अनिता मला म्हणली, "तात्या, काठी मारून पाणी तुटत न्हाय म्हंत्यात. पर कातरीनं वायर तुटती." बोलली आणि आत गेली. मला राग आला. म्हणलं, ह्या बायकांना काय कळतंय व्यवहारातलं!

यशराजनं बापाच्या घरात नवा डबा बसवला. त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलेलो. धारांची वेळ झाली. सोपानच्या घरातनं आबाची ओवी लागली. त्याच वक्ताला जोतीरामानं बी लावली, आणि नेमकी तीच. पण आता डबं दोन. आबाचा एक शब्द ह्या घरातनं यायचा, तोच थोड्या वेळानं त्या घरातनं. ओवीत ओवी गुतली. काय चाललंय ते कळंना. ढोल तर नुसता गोंधळ. मी ओट्यावरनं ओरडणार हुतो, तेवढ्यात दोन्हीकडलं एकदम बंद झालं.

मी म्हणलं, लाजली असतील. उद्या ठरवून घेतील.

दुसऱ्या दिवशी काय वाजलं न्हाय. तिसऱ्या दिवशी न्हाय. पंधरवडा गेला, महिना गेला. गोठ्यात बादलीत पडणाऱ्या दुधाचा तेवढा आवाज, आणि त्यात आता भिंत, म्हणून तो बी अर्धाच. यशराजचं लगीन झालं, हळदीला भाड्याचा मोठा स्पीकर आला. दोघं भाऊ मांडवात शेजारी उभी राहिली. "व्हय का." "व्हय." संपलं.

शेवटी मला राहवलं न्हाय. जोतीरामाकडं गेलो. "का रं, आबाला लावत न्हाईस?"

"तो लावंल म्हणून बसतो," तो म्हणला. "त्या दिवशी दोन्ही लागलं, ध्यानात आलं. म्हणलं आपण बंद करावं, त्याचं ऐकावं. भिंतीतनं येतंय की. पर तो लावतच न्हाय. नसंल त्याला गोडी."

तिथनं उठून सोपानकडं गेलो. तो वैरण कापत हुता. इचारलं, तर हात न थांबवता म्हणला, "दादा लावंल म्हणून मी बंद ठेवतो. त्याचं ऐकायचं म्हणून. लावतच न्हाय तो. वाटणी झाली, मन बी वाटलं असंल त्याचं."

मी तिथं वैरणीच्या ढिगावरच बसलो. उंटावरचा शहाणा म्हणत्यात तो मीच! परत पळत जोतीरामाकडं गेलो, सगळं सांगितलं. म्हणलं, "तुझी वाट बघत तो बसलाय, आणि त्याची वाट बघत तू. चल, भोक पाड, वायर जोड, पंच म्हणून मी सांगतो."

वाटलं हुतं, उठंल. त्यानं हातातला मोबाईल खिशात घातला. मग म्हणला, "न्हाय तात्या. आता नवी सून आलीया घरात. तिकडं भिंत पाडाय गेलो तर म्हणतील, थोरला वाटणी मोडाय आला." असं म्हणला, जसं कुणी कारखान्यातली पाळी सांगावी. राग न्हाय, काय न्हाय. सोपानला सांगितलं तर तो म्हणला, "दादाची इच्छा नसंल तर राहू द्या."

मला आता झोप लागती, जेवण जातं, सगळं जातं. पर आत मात्र सुन्न. संध्याकाळी ओट्यावर बसतो. समोर एका भिंतीला टेकून अलीकडं एक बसलेला, पलीकडं एक. दोघांकडं बाप आख्खाच्या आख्खा हाय, आणि दोघं बी त्याला बंद करून बसल्यात.

काल सिंधूला म्हणलं, मी वाटणी इतकी सरळ करायला नको हुती. दोघं भांडून बारामतीच्या कोर्टात गेली असती तर बरं झालं असतं. तारखेच्या दिवशी तरी एका बाकड्यावर बसली असती.