कॉफीचा ड्रम आणि आयुधपूजा

जे. पी. नगरातल्या आमच्या कॉफीच्या दुकानामागे बिया भाजायचा लोखंडी ड्रम होता. त्याचा वेग बदलायचा तर अण्णा, म्हणजे माझे वडील, मोटर बंद करून पट्टा एका पुलीवरून दुसरीवर चढवत. तेवढ्यात आतल्या बिया करपत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंजिनिअर होऊन घरी बसले होते आणि हे बघून माझं डोकं फिरायचं. शेवटी हट्ट करून मी मोटरला वेग कमीजास्त करणारी इन्व्हर्टरची पेटी बसवली.

त्यातली गंमत साधी होती. पेटीवरचं गोल बटण फिरवलं की शून्य ते दहा व्होल्टचा इशारा आत जायचा. व्होल्ट वाढले की फ्रिक्वेन्सी वाढायची आणि ड्रम जोरात फिरायचा. हाच इशारा करंटनेही देता येतो, चार ते वीस मिलिअँपिअरचा. पण दोन्हींपैकी काय येणार, हे आतल्या एका चिमुकल्या स्विचने आधी ठरवून द्यावं लागतं. अण्णांना हे समजावताना माझा घसा सुकला आणि त्यांची कॉफी निवली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आयुधपूजेला चार लोकांदेखत नीट फिरला तर ड्रम तुझा. नाहीतर मी परत पट्टा चढवतो, तू बाहेर कुठं नोकरी बघ."

मला नोकरी नको होती. मला तो ड्रम हवा होता, त्याच्या धुरासकट.

आदल्या दिवशी सगळं झकास चाललं. पूजेला झेंडूच्या माळा आल्या, कुंकू भरलेला कोहळा फुटला, शेजारचा हॉटेलवालाही येऊन उभा राहिला. मी ऐटीत बटण फिरवलं. ड्रम रांगू लागला. आणखी फिरवलं, तरी रांगतच राहिला.

"स्वल्प जोरात होतं का बघ," अण्णा मिशीत हसत म्हणाले, "की पट्टा आणू?"

माझा पारा चढला. "अण्णा, तुम्हीच काहीतरी केलंय!"

"मी? त्या डब्याजवळ जायला भितो मी!"

लाइट बंद करून, जरा थांबून मी पेटी उघडली. आतले बारीक स्विच प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे एका रांगेत होते. मी त्यातला एक मुद्दाम उलट्या बाजूला ठेवला होता, तोही सरळ झालेला. आता व्होल्ट येत होते आणि इन्व्हर्टर करंटची वाट बघत बसला होता.

"याला हात कुणी लावला?" मी ओरडले.

"मी," आई शांतपणे म्हणाली. "काल पेटी उघडून पुसताना बघितलं, एकटंच वाकडं होतं. पूजेला बरं दिसतं का? केसातल्या पिनेनं सरळ केलं. लाइट बंद होती हो, मी काय वेडी आहे?"

चिडावं की हसावं कळेना. हसूच आलं. तिचीच पिन मागून घेतली आणि स्विच पुन्हा वाकडा केला. लाइट लावून बटण फिरवलं आणि ड्रमने वेग घेतला. मग अण्णा स्वतः बटण धरून बसले. हळू, जोरात, पुन्हा हळू. हॉटेलवाल्याने "पुरे की अण्णा" म्हटलं तेव्हा कुठे सोडलं.

शाबासकी वगैरे काही नाही. ते पूजेच्या पाटाकडे गेले. आमच्याकडे त्या पाटावर फक्त दुकान चालवणाऱ्याची हत्यारं मांडतात. त्यांनी आपला पाना उचलला आणि कडेला ठेवून जागा केली.

"तुझा स्क्रूड्रायव्हर आण," ते म्हणाले. "त्याला कुंकू लावायचं राहिलंय."