पाठ टेकली की संपलं

माझी पत्नी मंगळवारी सकाळी वारली. त्यानंतर महिन्याने माझ्या आतेभावाची लढत होती.

जिंकून झाल्यावर हरण्याची विद्या उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात या एकाच माणसाला साधली होती. गडमुडशिंगीच्या तालमीत तो वाढला. मातीत समोरच्याची पाठ टेकली की कुस्ती संपते. मग त्याला हात देऊन उठवायचे, पाठीवरची माती झाडायची आणि चारी बाजूंना हात जोडायचे. पुढे त्याला एमएमएचा नाद लागला. जाळीच्या पिंजऱ्यातल्या त्या लाथाबुक्क्यांच्या खेळात पाठ टेकल्याने काहीच संपत नाही. मी ग्रंथपाल, सगळे नियम मराठीत उतरवून त्याला वही करून दिली. त्याने ती कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. पहिल्या लढतीत त्याने प्रतिस्पर्ध्याला अर्ध्या मिनिटात आडवा केला, हात देऊन उठवला, नसलेली माती झाडली आणि नमस्काराला वळला. मागून लाथ आली. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "पडल्याल्याला मारायचं, ह्यो कसला खेळ ओ दादा?"

पिंजऱ्याला तो खुराडं म्हणे. अर्ध्या बोटांचे हातमोजे त्याला म्हशींसाठी उसाचे वाढे तोडताना फार सोयीचे वाटत. एकदा त्याने तालमीतली माती पुडीत नेऊन पिंजऱ्यात शिंपडली. आयोजकांनी हातात झाडू दिला, तर याने कानाकोपऱ्यासकट सगळा पिंजरा असा लख्ख झाडला की त्या दिवशीच्या टाळ्या लढतीआधीच वाजून गेल्या. लढतीत अर्थातच हरला.

त्याच्यावरचा उपाय माझ्या पत्नीला सापडला. ती इचलकरंजीची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे तिचा आवाज शेडच्या या टोकाहून त्या टोकाला जाई. पुढच्या लढतीला ती पिंजऱ्याला खेटून बसली आणि त्याचा हात ढिला पडताच ओरडली, "भावजी, सोडू नका. हे मातीतलं न्हाई." त्याने सोडले नाही. समोरच्याने हार मानली. अशा तीन लढती तो जिंकला. तिन्ही वेळा मानचिन्ह तिच्या हातात देऊन म्हणाला, "जिंकल्या वहिनी. मी निस्ता धरून बसलतो."

मग ती गेली. मी अंथरुणाला पाठ लावली ती उचललीच नाही. पुण्याच्या एका आयोजकाने त्याला बजावले होते, ही लढत हरलास तर पुन्हा बोलावणार नाही. त्याने मला काही सांगितले नाही, फक्त गाडी दारात आणून उभी केली. मी तिच्या जागी जाऊन बसलो.

दुसऱ्या फेरीत त्याने समोरच्या पोराला खाली दाबले. पाठ टेकली. त्याचा हात ढिला पडताना मला स्पष्ट दिसला. मी उठून उभा राहिलो, तोंड उघडले. जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांना हळू बोला म्हणत आलो. आवाज फुटला नाही. त्याने हात दिला, पोराला उठवले, पाठ झाडली. पुढचे सांगायला नको.

परतीच्या वाटेवर पेठ वडगावजवळ चहाला थांबलो. त्याचा डावा डोळा मिटला होता. माझ्यामुळे तू हरलास, असे मी कसेबसे म्हटले. तो बशीत चहा ओतत राहिला.

"तुमी उठलासा की," तो म्हणाला. "मी बघितलं. महिन्यानं उभं ऱ्हायलासा."

पुन्हा त्याला कुणी बोलावले नाही. आता तो दोन म्हशी सांभाळतो आणि तालमीत शिकवतो. तिन्ही मानचिन्हे माझ्या घरी, तिच्या फोटोशेजारी आहेत. रोज सकाळी तो दुधाची किटली घेऊन येतो, माझ्या खाटेपाशी उभा राहून हात पुढे करतो. मी उठल्यावर माझी पाठ झाडतो. मग आम्ही चहा घेतो.