वाढत्या अंगाचा मोगरा

शिवण्णांनी नवी पेठेतलं कापडाचं दुकान विकलं, पण कापड मोजायचा लोखंडी मीटर घरी आणला. रोज सकाळी कपाळाला विभूती लावून ते गॅलरीत यायचे आणि वनस्पती तुपाच्या डब्यातल्या मोगऱ्याला तो मीटर लावायचे.

"का बे, काल होतास तेवढाच की आज! पाणी काय फुकटचं पितोस?"

मी शेजारच्या खोलीतला भाडेकरू, भूगोलाचा मास्तर, तेव्हा सडाफटिंग. तोंडाला दाढीचा साबण फासून खिडकीतून हा प्रयोग बघायचो. मोगरा उत्तर द्यायचा नाही. त्या घरातून दिवसभरात ऐकू येणारं बोलणं मात्र तेवढंच असायचं. मूलबाळ नव्हतं आणि अण्णांच्या पत्नी नीलाक्का दिवाळीआधीच गेल्या होत्या. मोगरा त्यांचा. त्या होत्या तोवर अण्णांनी तुळशीलासुद्धा कधी पाणी घातलं नव्हतं.

पावसाळ्यात डब्याचं बूड गंजून गळालं आणि मुळं बाहेर डोकावली. अण्णा तडक कुंभाराकडे गेले आणि हातगाडीवरून एक कुंडी आणली. कुंडी कसली, मी आत मांडी घालून बसलो असतो!

"अण्णा, एवढ्याशा झाडाला एवढी?"

"मास्तर, तुमी भूगोल शिकवा. वाढत्या अंगाला माप सैल घ्यावं. उद्या तोकडं झालं की गिऱ्हाईक शिव्या घालतंय!"

जन्मभर पोरांच्या आयांना त्यांनी हेच सांगून अर्धा मीटर जास्त खपवलं होतं. मोगरा त्या मातीच्या मैदानात हरवलेल्या पोरासारखा दिसायला लागला. पानं पिवळी पडली. अण्णांना वाटलं, तहान. त्यांनी तांब्या सोडून बादली धरली. पानं गळायला लागली.

एका सकाळी मीटर कुंडीवर टेकल्याचा आवाज आला नाही. मी गेलो, तर अण्णा कुंडीशेजारी जमिनीवर बसलेले.

"तिच्या हातचं एवढंच जितं हाय, मास्तर. ह्येबी चाललं."

झाडांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी रुबाबात कुंडीत बोट खुपसलं. वर माती सुकलेली, आत नुसता चिखल. एवढ्या मातीतलं पाणी ते इवलंसं झाड पिणार कसं? आम्ही झाड उकरून बाहेर काढलं. निम्मी मुळं काळी पडून कुजली होती. अण्णांनी दुकानची कात्री आणली. हजारो तागे फाडलेल्या त्या हाताने एकेक मूळ आधी चाचपून बघितलं. मी कात्री मागितली, पण दिली नाही. काळं तेवढं त्यांनीच कापलं. मग मोगरा एका लहान कुंडीत बसवला.

"लई तंग होतंय," ते पुटपुटले.

"होऊ दे. आणि माती सुकल्याशिवाय पाणी नाही."

ही शिक्षा मोगऱ्यापेक्षा अण्णांना जड गेली. काही न करता बसायची सवय त्यांना कुठली! ते रोज रिकामा तांब्या मांडीवर घेऊन झाडासमोर बसत, बोट खुपसून बघत आणि पुन्हा बसत. दुपारी शाळेतून आलो तरी तिथेच. थंडी सरता सरता एक कोंब फुटला. अण्णांनी माझं दार असं बडवलं की मला वाटलं, आग लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मूठभर कळ्या आल्या. अण्णांनी त्या वाटीत तोडून घेतल्या आणि वाटी धरून घरभर फिरले. देवापुढे चार वाहिल्या. उरलेल्या घेऊन माझ्यापुढे उभे.

"आता ह्या कुणाला द्यायच्या, मास्तर?"

मी वाटी नाकाशी धरली. म्हणालो, "आमच्याकडे आई माठात टाकते."

त्यांनी टाकल्या. माठ झाकून त्यांनी पेला घासून आणला. मग त्यांनी पेला बुडवला, एक घोट घेतला आणि पेला तसाच ओठाशी राहिला.

"अय्यय्यो," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्सं मला वाटायचं, उन्हाळ्यात आपल्या नळाचंच पाणी असं लागतंय. ती कधी बोललीच न्हाई की."