कागदावरची धाकटी

लंडनजवळच्या स्लाऊ गावात, तिथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका फॅक्टरीत मी आणि माझी मैत्रीण शेजारी शेजारी बसायचो. लढाऊ विमानांसाठी लागणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधणं हे आमचं काम. ऐंशीच्या दशकात तिथे मान वर करायला फुरसत नव्हती. सरकार लष्करावर सढळ हाताने खर्च करत होतं, ऑर्डरींवर ऑर्डरी येत होत्या. शनिवारीसुद्धा ओव्हरटाइम. माझी एक जुडी होईतो तिची दुसरी निम्मी झालेली असायची. सुपरवायझर आमच्यामागे उभा राहून तिच्याच कामाला ‘लव्हली’ म्हणायचा. माझ्या पोटदुखीची सुरुवात तिथे झाली.

ती बार्शीकडची, मी वाईची. दोघींचा वाढदिवस एकच, एक जून. फॅक्टरीतल्या इंग्लिश बायकांना त्याचं फार अप्रूप; कँटीनमध्ये दोघींत मिळून एक केक आणायच्या. हा आमच्या शाळामास्तरांचा प्रताप आहे, हे त्यांना काय सांगणार? लहानपणी मी दोन वर्षं आजारी होते, शाळेत उशिरा गेले. वर्गात घोडी दिसू नये म्हणून मास्तरांनी माझं वय अडीच वर्षांनी कमी करून ‘एक जून’ लिहून टाकलं. तिचं नेमकं उलट. थोरल्या बहिणीला एकटीला शाळेत पाठवायला नको म्हणून हिचं वय वाढवून दोघींना एकाच वर्गात बसवलं. म्हणजे कागदावर ती एकोणपन्नास सालची आणि मी बावन्नची. खरी थोरली मी, चांगली दीड वर्षाने. म्हणून ती मला ताई म्हणायची.

मग बर्लिनची भिंत पडली. आमचे हे टीव्हीसमोर टाळ्या वाजवत म्हणाले, “बघ, आता लढायांची भीती गेली!” मलाही बरं वाटलं. पण वर्षा-दोन वर्षांत फॅक्टरीतल्या ऑर्डरी आटल्या. आधी ओव्हरटाइम गेला, मग माणसं गेली. उरलेल्यांना मॅनेजरने विचारलं, अर्धा दिवस काम कुणाला चालेल? तिने लगेच हात वर केला. तिच्या नवऱ्याची कौन्सिलमधली, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतली, नोकरी पक्की होती. आमच्या ह्यांची हॉस्पिटलच्या लॅबमधली जागा राहते की जाते, हे दर वर्षी नव्याने ठरायचं. मी हात मांडीवरच ठेवला.

रोज एक वाजता ती कोट चढवायची. “येते हं ताई.” मी मान न वळवता ‘हं’ म्हणायचे. पुढचे चार तास ती रिकामी खुर्ची मला छळायची. ती पोहायला शिकली. त्या वयात! एकदा डेंटिस्टकडे जायचं म्हणून मी लवकर निघाले, तर ती स्विमिंग पूलमधून बाहेर पडताना दिसली. केस ओले, हातात चिप्सचा पुडा, आणि एकटीच कशाला तरी हसत होती. तिला हाक मारायला काय झालं होतं? पण मी बस स्टॉपच्या आड जाऊन उभी राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी पेन्शनचा नवा कायदा आला. बायकांचं रिटायरमेंटचं वय साठाचं हळूहळू पासष्ट होणार होतं. सकाळच्या ब्रेकमध्ये आमच्यातल्या एकीने पेपर मोठ्याने वाचला. पन्नास सालच्या एप्रिलआधी जन्मलेल्यांना साठच. त्यानंतरच्यांनी जितक्या उशिरा जन्म घेतला, तितकं जास्त थांबायचं.

“म्हणजे मी सुटले!” माझी मैत्रीण म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “ताई, तुमचं?”

“बासष्टच्या पुढे,” मी म्हटलं. तेवढ्यावर गप्प बसायचं होतं. पण तोंडातून निघून गेलं, “खोट्या वयावर पेन्शन खाणार तू. मजा आहे!”

इंग्लिश बायकांना शब्द कळले नाहीत, सूर कळला.

“ताई, खोटं तर तुमचंही आहे,” ती हळूच म्हणाली. “माझं फळलं, एवढंच.” आपला मग उचलून ती दुसऱ्या टेबलावर गेली.

मी हट्टाला पेटले. वाईला भावाला पत्र लिहून माझी जन्मपत्रिका मागवली. त्या चौकोनांत माझा खरा जन्म होता, एकोणपन्नासच्या मार्गशीर्षातला. ती घेऊन मी पेन्शनच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि फार नम्रपणे विचारलं, “हा नकाशा आहे का?”

मी समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझे कागद माझ्यासमोर मांडले. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, नोकरीचा फॉर्म. सगळीकडे बावन्न साल आणि खाली माझी सही. “ही तारीख तुम्हीच आम्हाला दिलीत,” ती म्हणाली. मी पत्रिकेची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

तोवर मैत्रिणीशी दोन महिने अबोला होता. त्या शनिवारी मी तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. मी तिला उंबऱ्यावरच त्या नकाशाची गोष्ट सांगितली. ती आधी ओठ दाबून ऐकत होती, मग भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“पण पत्रिका कशाला हवी होती तुम्हाला?”

“तुझा हेवा वाटतो म्हणून,” मी म्हटलं. “खुर्चीचा, अर्ध्या दिवसाचा, सगळ्याचाच.”

“ते ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “आत या. पोहे टाकते.”

नव्वदचं दशक संपता संपता फॅक्टरी बंद झाली. ती घरी राहिली, मी एका शाळेच्या किचनमध्ये लागले. पहाटे अंधारात बस पकडताना तिच्या झोपलेल्या घराकडे बघून अजूनही जळायचे. फरक एवढाच, की आता ते लपवायचं नव्हतं. रविवारी तिचा फोन आला की आधी विचारायची, “काय ताई, या आठवड्यात किती?”

“जरा जास्तच,” मी खरं ते सांगायचे.