सावडीचा न दिलेला निरोप

मंडळी, दुपारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

आमच्या मावळात भातलावणी सावडीनं होते: आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. ऑफिसला सुट्टी टाकून मी चार घरांच्या शेतात राबले. आज आमची लावणी होती. पण सगळे दमले असतील म्हणून मी कुणालाच निरोप दिला नाही.

दुपारी शेजारच्या मावशी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "आमी दमलोय हे तुला कुनी सांगितलं?"

"मलाच वाटलं."

"इचारायचं तरी. आमाला परकं केलंस."

मग साडी खोचून त्या चिखलात उतरल्या.

दुसऱ्याचं मन मला कळतं, असं मी आजवर समजत होते. तुम्ही विचारता, की माझ्यासारखं परस्पर ठरवून टाकता?