लाल पट्टीची बाटली

बाईंविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही. अठरा वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत प्रयोगशाळेच्या बाटल्या धुतल्या, पण त्यांना थोरले भाऊ आहेत हेसुद्धा ते दवाखान्यात पडल्यावर कळलं. मांडीची जखम चिघळली होती आणि एकही औषध लागू पडत नव्हतं.

जंतूंना मारणारे विषाणू बाई मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. एकदा मी बिचकत विचारलं, तर त्यांनी बॉलपेन उघडून समजावलं. "ही त्यांची शेपटी, मामा. आधी खालची बैठक जुळते. तिच्यावर प्रथिनांच्या चकत्या चढून नळी होते. आत मोजपट्टीसारखं एक लांब प्रथिन असतं, नळी तेवढीच वाढते. मग बाहेरून ही स्प्रिंग. डोकं वेगळं बनतं, ते शेवटी येऊन बसतं." विषाणू जंतूवर टेकला की स्प्रिंग आखडते आणि नळी आत घुसते.

"आधीच आखडली तर?"

"मग उडालेला बार. काय उपयोग?"

हे विषाणूच औषध म्हणून द्यायला डॉक्टर तयार झाले, तेव्हा भावासाठी बाईंनी तसलेच विषाणू वाढवले आणि दोन बाटल्यांत भरले. दुपारी तीनला द्यायचे होते. अकराच्या सुमारास मी दारातून डोकावलो. पडद्यावरच्या सगळ्या शेपट्या आखडून बुटक्या झालेल्या. बाई माझ्याकडे वळल्या.

"अख्खा घाणाच बिघडला, मामा. दोन्ही बाटल्या ओतून द्या. नवीन वाढवायला चार दिवस लागतील. दादा चार दिवस काढतील असं वाटत नाही."

टेबलावर लाल पट्टीची बाटली होती, नमुना तिच्यातूनच घेतलेला. आमच्याकडे बाटल्या आम्लात बुडवायच्या आणि मग सात पाण्यांनी खंगाळायच्या. यावरून बाई मला चिडवायच्याही, "मामा, आंघोळही सात पाण्यांनीच का?" काल ही बाटली पहिल्याच पाण्यात असताना मुलीचा फोन आला. बोलून झाल्यावर मी ती तशीच पालथी घातली होती. आणि आम्ल लागलं की शेपट्या आखडतात, हे बाईंनीच मला सांगितलेलं.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. मी भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं.

बाईंनी लाल बाटली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "आणि निळ्या पट्टीची?"

"तिला सात."

"आठवतंय की वाटतंय?"

"आठवतंय, बाई."

त्यांनी फ्रिजमधून निळी काढली. पाऊण तास मी चौकट धरून उभा होतो. बसायचं धैर्य झालं नाही. अखेर पडद्यावर शेपट्या दिसल्या, लांब, सरळ, न आखडलेल्या. बाईंनी डोळे पुसले आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली.

दादा वाचले, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. त्यांची काळजी घ्यायला बाई त्यांच्याकडेच राहायला गेल्या, त्या कामावर परतल्या नाहीत. त्या दिवशी डबा छातीशी धरून त्या दारात थांबल्या होत्या.

"मामा, धुताना फोन घेऊ नका."

"नाही घेणार, बाई."

"मुलीचा असला तर घ्या. पण मग पुन्हा पहिल्यापासून मोजा."

"बरं, बाई."