कडबोळ्यांची कानडी

निपाणीच्या शाळेत मी अकरा वर्षं बिगरीचा वर्ग सांभाळला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं तंबाखूच्या वखारीत मुकादम झाली. एक तर आमच्याच शाळेत मास्तर होऊन आला आणि थेट तिसरीवर बसला. मी आपला 'क कमळाचा' म्हणत तिथंच. स्वभाव मुळात तापट, त्यात हे दुखणं. छडी सहसा माझ्या हातातून खाली पडायची नाही.

बढती अडली होती कानडीवर. आमच्याकडची खेडी दोन्ही भाषांची, म्हणून हेडमास्तर व्हायचं तर कानडीची परीक्षा द्यावी लागे. आता कानडी मी लहानपणापासून बोलत आलेलो. बाजारात कानडीत घासाघीस करताना मला कुणी फसवल्याचं आठवत नाही. येतंय की आपल्याला, या गुर्मीत दोनदा तसाच परीक्षेला बसलो. बोलण्यात पास, लिहिण्यात साफ आपटलो. आता तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली की बिगरीतूनच पेन्शन.

मग दर रविवारी धूळ खात सर्व्हिस मोटारीनं बेळगावला जाऊ लागलो. कॅम्पात एक म्हातारे पंतोजी कानडी शिकवायचे. चार महिन्यांत त्यांनी माझ्याकडून वह्या भरून घेतल्या आणि प्रत्येक पानावर नकारार्थी मान हलवली.

गंमत म्हणजे, मी निघालो की बायको माझ्या हातात एक पत्र द्यायची. हुक्केरीला दिलेल्या तिच्या आक्काला लिहिलेलं. पत्त्यापासून मायन्यापर्यंत सगळं कानडीत. लग्नाआधी ती चिकोडीच्या कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. हे मला ठाऊक होतं आणि मी ते साफ विसरलो होतो. दहा वर्षं तिची पत्रं पोष्टात टाकली, पण डोक्यात उजेड पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मी चिडून वही भिरकावली. बायको कडबोळी वळत बसली होती. तिनं वही उचलली, दोन पानं चाळली.

"तुमचा हात शिरोरेघेचा हाय. कानडी अक्षरं गोल, तुमच्या हाताला वळायची सवय न्हाय," ती म्हणाली. "हात धुवून या आन् बसा हितं."

पुरुषमाणूस कडबोळी वळतोय हे शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर निपाणीभर झालं असतं. मी आधी दाराला कडी घातली. तिनं पिठाची लांब वळी केली आणि पोळपाटावर बघता बघता एक अक्षर वळून ठेवलं. मी वळलं ते मधेच तुटलं. दुसरं तुटलं, तिसरं तुटलं. मी रागानं मूठ मारून सगळं चपटं केलं. तिनं शांतपणे ते गोळा केलं.

"चुकलं तर परत मळायचं. पिठाला काय राग येत न्हाय."

जमलेलं अक्षर ती तळून माझ्यापुढं ठेवायची. ओळखलं तरच खायचं. त्या दिवाळीत आमच्या घरची कडबोळी इतकी वेडीवाकडी झाली की माझ्या भावजयांनी तिच्या हाताला नावं ठेवली. तिनं ती मुकाट ऐकून घेतली, माझं नाव काही सांगितलं नाही. दिवाळी सरली तरी आमचा पोळपाट चालूच राहिला. पहाटेपासून राबणारी ही बाई संध्याकाळी माझ्यासमोर बसायची आणि एकदाही आवाज चढवायची नाही. मला सहा वर्षांच्या पोरांपुढं अकरा वर्षांत हे जमलं नव्हतं. तिचं मला तेव्हा फार नवल वाटायचं, आजही वाटतं. छडी मी कपाटावर टाकली. ओढ्याची चिकणमाती आणून पोरांना अक्षरं वळायला दिली, आणि बिगरी मला पहिल्यांदाच आवडायला लागली.

परीक्षा पास झालो. चिकोडीच्या बाजूच्या एका खेड्यात हेडमास्तर म्हणून हुकूम आला. तो कागद घेऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो.

"सुटलो एकदाचा. अकरा वर्षं एका वर्गात अडकलो होतो."

ती पदराला हात पुसत होती. "व्हय," ती म्हणाली. "मला चौथीत अडकून बारा वर्षं झाली."

दूध तापत ठेवलंय म्हणावं इतक्या साधेपणानं बोलली. मग माझ्या विचारण्यावरून एकेक सांगितलं. ती वर्गात पहिली आलेली. पाचवीचं पुस्तक आणून त्याला कव्हरही घातलेलं. तेवढ्यात लग्न ठरलं, माझ्याशीच, आणि पुस्तक माहेरी राहिलं ते कुठं गेलं कुणाला ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं रडगाणं तिनं अकरा वर्षं ऐकलं होतं आणि स्वतःचं एकदाही ऐकवलं नव्हतं.

नव्या गावी निघालो तेव्हा बैलगाडी चिकोडीत पाण्यासाठी थांबवली. मी चहाला जातो सांगून बाजारात गेलो आणि कानडी पाचवीचं पुस्तक घेऊन आलो. ते तिच्या मांडीवर ठेवलं. बैल जुंपायच्या आत तिनं ते उघडलं होतं. रस्ता खडबडीत, गाडी हिंदकळत होती, तरी ती ओळीवर बोट ठेवून वाचत राहिली. गाव आलं, भांडी उतरवून झाली. मी दोनदा हाक मारली, पण हातातला धडा संपल्याशिवाय ती गाडीतून खाली उतरली नाही.